उंच मुलींच्या मॅडम

संचालकांच्या खोलीतल्या पडद्यावर आकडेवाल्या सरांनी शेवटचा तक्ता लावला, तेव्हा मॅडमच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

तक्ता साधा होता. एकोणीस वर्षांत मॅडमचे संघ सोळा वेळा अंतिम सामन्यात पोचले होते. एका बाजूला त्या संघांची सरासरी उंची, दुसऱ्या बाजूला समोरच्या संघांची, आणि खाली निकाल. मॅडमच्या मुली जिथे चार बोटं उंच, तिथे जिंकल्या होत्या. जिथे नव्हत्या, तिथे हरल्या होत्या. असं दोनदाच झालं होतं, आणि ते दोन्ही सामने सरांनी लाल रंगात दाखवले होते.

“मला मॅडमचा अनादर करायचा नाही,” सर म्हणाले. असं बोलून सुरुवात करणारा माणूस पुढे काय करतो, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. “माझं एवढंच म्हणणं आहे, की चौदा करंडक मुलींच्या उंचीने जिंकलेत. त्यांच्या बाजूला कोणीही उभं असतं तरी चाललं असतं. शिपाई उभा केला असता तरी.”

शिपाई हा शब्द मॅडमना झोंबला. त्यांनी कप खाली ठेवला, आणि तो बशीत वाजला.

संस्थेची मुलींची दोन कॉलेजं होती, शहराच्या दोन टोकांना. मॅडम एकीकडे बास्केटबॉल शिकवायच्या, सर दुसरीकडे. पुढच्या वर्षापासून दोन्हींचा खेळ विभाग एक होणार होता. एक संघ, एक प्रशिक्षक. दोघांतलं एक राहणार आणि एक जाणार, हे उघड होतं. सर चौतिशीचे, त्यांना पुन्हा संख्याशास्त्राचे तास मिळाले असते. मॅडम बावन्न वर्षांच्या. त्यांच्यासाठी ग्रंथालयात, परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारायच्या टेबलापाशी जागा आहे, असं संचालकांनी आधीच गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

संचालक म्हणजे, भांडण स्वतःचं नसेल तर ते मन लावून ऐकणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला. “मग करून बघू या की. बारा आठवडे मॅडमच्या मुली तुम्ही घ्या, तुमच्या मुली मॅडमना द्या. मग एकच सामना. जिंकेल तो राहील.”

“मला चालेल,” सर म्हणाले. “मॅडम माझ्या मुलींना घेऊन जिंकल्या, तर मी माझे शब्द मागे घेईन.”

मॅडमना नाही म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईची ही कसली परीक्षा घेता, असं म्हणून उठून जाता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून ‘चालेल’ निघून गेलं, आणि ते रागाने नव्हे, भीतीने. सर म्हणतात तेच खरं असेल तर? ही भीती त्यांच्या पोटात कित्येक वर्षं घर करून बसली होती. सरांनी फक्त तिचा तक्ता काढला होता.

भीतीला कारण होतं, आणि ते घरातच शिलाई मशीनपुढे बसायचं.

मॅडमची थोरली बहीण शाळांचे गणवेश शिवायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तिथे दोघी बहिणी राहायच्या. तीन शाळांच्या मुली ताईकडे मापं द्यायला यायच्या आणि प्रत्येकीचं माप वहीत उतरायचं. मॅडम नोकरीला लागल्या त्याच वर्षी ताई तोंडात टाचण्या धरून म्हणाली होती, “अगं, एका पोरीची बाही वर्षात तीन इंच वाढलीय. हात आहेत की काय आहेत! तुझ्या त्या चेंडूच्या खेळाला चालते का बघ.” मॅडम त्या पोरीच्या घरी गेल्या, आईवडिलांची समजूत घातली आणि तिला आपल्या कॉलेजात आणलं. पहिला करंडक तिनेच मिळवून दिला. पुढे दर वर्षी ताईच्या वहीतून दोन-तीन मुली निघायच्या. बाकीच्या कॉलेजांचे प्रशिक्षक शाळाशाळांचे सामने बघत वणवण फिरायचे. मॅडमकडे मात्र मुलगी मैदानात उतरायच्या दोन वर्षं आधी तिच्या बाहीची बातमी असायची.

यात चोरी काही नव्हती. पण सांगत सुटावं असंही ते मॅडमना कधी वाटलं नाही. स्वतः त्या जेमतेम पाच फूट. स्पर्धेच्या गावी त्या मुलींच्या घोळक्यातून चालू लागल्या की फक्त त्यांची पिशवी दिसायची. “आल्या, उंच मुलींच्या मॅडम आल्या,” असं लोक कौतुकाने म्हणायचे. त्या बैठकीनंतर तेच कौतुक त्यांना टोमण्यासारखं ऐकू यायला लागलं.

त्यांनी घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा ताईने मशीन थांबवलं. “म्हणजे करंडक माझेच की गं! आण इकडे, कपाटात जागा करते.”

मॅडम हसल्या नाहीत. ताईने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मशीन पुन्हा चालू केलं.

ज्या मुली सरांकडे गेल्या त्यांची कप्तान होती शिडी. हे नाव तिला शाळेतच चिकटलं होतं, आणि ते ऐकू नये म्हणून ती पोक काढून चालायची. तीन वर्षांपूर्वी मॅडमकडे आली तेव्हा धावता धावता स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायची. मॅडमनी पहिले दोन महिने तिच्या हाती चेंडूच दिला नाही. आधी फक्त थांबायला शिकवलं. पळ, आणि दोन टाळ्या वाजल्या की थांब. पुन्हा पळ, पुन्हा थांब. शिडी रडली, आईला घेऊन आली, सोडून जाते म्हणाली. मॅडम आईला म्हणाल्या, “पळता सगळ्यांनाच येतं हो. थांबता आलं की मग तिला कोणी पाडू शकणार नाही.” शिडी राहिली. वर्षाच्या शेवटी ती ताठ चालायला लागली होती.

टाळ्यांचं कारण असं, की मॅडमचा आवाज बारीक. गर्दीत तो पोचायचा नाही. म्हणून एक टाळी म्हणजे पसरा, आणि दोन टाळ्या म्हणजे थांबा, पुढे घुसू नका, चेंडू मागे. तोही न बघता मागे, कारण मागे आपली एक मुलगी ठरल्या जागी उभी असणारच. आपण पुढे असलो आणि वेळ संपत आला की बास्केट विसरायची, हे मॅडमचं म्हणणं. तीन-तीन वर्षं मुलींनी हे इतकं घोटलं होतं, की झोपेत टाळ्या वाजवल्या असत्या तरी त्या कुशीवर वळल्या असत्या.

सरांच्या मुलींपुढे मॅडमनी पहिल्या दिवशी दोन टाळ्या वाजवल्या. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग त्यांनीही मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मॅडम कौतुक करताहेत.

मॅडमनी हात पाठीमागे बांधले ते बांधलेच.

या मुली बुटक्या होत्या, भांडखोर होत्या, आणि प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारायच्या. सरांनी त्यांना आकडे शिकवले होते. “मॅडम, मी उजवीकडून टाकला तर दहात पाच जातात, डावीकडून तीनच,” एकजण सांगायची.

“मग डावीकडे कशाला तडमडतेस?”

“सर म्हणाले होते, तिनाचे चार कर.”

मॅडमना वाटलं होतं त्यापेक्षा सरांनी मुलींवर बरीच मेहनत घेतली होती. हे कबूल करताना त्यांचा चेहरा कडू झाला, पण त्यांनी ते मनाशी कबूल केलं. चार आठवडे त्यांनी मुलींना फक्त उंच मुलीच्या अंगाशी चिकटून उभं राहायला शिकवलं. उंच मुलीला चेंडू खाली आणावाच लागतो, आणि खाली आला की तो तुमचा, एवढं एकच सूत्र. मुलींनी ‘का’ विचारलं, मॅडमनी कारण सांगितलं, आणि कारण पटलं की त्या अंग झटकून कामाला लागायच्या. असं शिकवायची मॅडमना सवय नव्हती. रोज सरावानंतर त्यांचा घसा बसलेला असायचा.

एक मुलगी मात्र हाताला लागली नाही. तिला सगळ्या गोगलगाय म्हणायच्या, आणि ती स्वतःही त्या नावाने हाक मारली की ओ द्यायची. जवळून टाकलेला चेंडू ती सहसा चुकवत नसे. पण घाई नावाची गोष्ट तिला जन्मतःच मिळालेली नव्हती. चेंडू एका टोकाला असला की ती मध्ये असायची, आणि ती त्या टोकाला पोचेपर्यंत चेंडू परत फिरलेला असायचा.

“मागे पळ!” मॅडम ओरडायच्या.

“पळतेच आहे, मॅडम.”

“याला पळणं म्हणतात?”

“घरी म्हणतात.”

बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. मॅडमनी बारा आठवडे तिच्यामागे घालवले, शिट्टी फुंकून, समजावून, शेवटी स्वतः तिच्याबरोबर धावून. काही उपयोग झाला नाही. पाच फुटी मॅडम बावन्नाव्या वर्षी तिच्या पुढे निघून जायच्या.

नवव्या आठवड्यात एकदा चौकात सिग्नलला त्यांना पलीकडच्या फुटपाथवर शिडी दिसली. खांद्यावर बॅग, मान ताठ. तिने मॅडमना पाहून हात वर केला, मग हे चालतं की नाही अशा विचाराने अर्ध्यावरून खाली घेतला. त्यांनीही हात केला नाही. सामना होईपर्यंत जुन्या मुलींशी बोलायचं नाही, असं संचालकांनी बजावलं होतं, आणि मॅडम नियमाच्या पक्क्या. पण घरी येईपर्यंत त्या शिडीच्या उजव्या घोट्याला पट्टी का होती, याचाच विचार करत होत्या.

सामन्याला आठवडा उरला तेव्हा त्यांची झोप उडाली, जेवण जाईना. ताट पुढे घेऊन त्या म्हणाल्या, “ताई, तुझी वही नसती तर मी कोण होते गं?”

ताईने हातातली कात्री टेबलावर आपटली. “ऐक. पोरगी माझ्याकडे मापाला येते तेव्हा दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेते. आरसा दिसला की वाकते. मी तिची बाही लांब करते आणि माझं काम संपतं. बाहीतला हात कुठे न्यायचा, ते मी नाही शिकवत.”

“पण उंच नसती तर—”

“नसती तर दुसरं काहीतरी असती! हरलीस तर ग्रंथालयात जा आणि मार शिक्के. पण माझ्या वहीच्या नावाने गळा काढू नकोस.”

मॅडमना बरं वाटायला हवं होतं. पण बहीण आपली म्हणून बोलते, असंच त्यांच्या मनात आलं.

रविवारी सकाळी संस्थेचा मोठा हॉल माणसांनी फुलून गेला. मॅडमच्या जुन्या मुली निळ्या जर्सीत, सरांच्या पिवळ्या. मॅडम सवयीने निळ्यांच्या बाकाकडे चालू लागल्या आणि अर्ध्या वाटेवरून वळल्या. पिवळ्या मुलींनी त्यांच्यासाठी जागा केली. हॉलमध्ये दोघे-तिघे हसले.

पहिल्या अर्ध्यात निळ्यांनी पिवळ्यांना पाणी पाजलं. शिडी एकटीच बारा गुण घेऊन बसली. सरांनी त्यांना नवं शिकवलं होतं: मागे बघू नका, पुढे घुसा, घुसतच राहा. मध्यंतराला निळे अकरा गुणांनी पुढे होते. सर वहीत आकडे लिहीत होते, आणि त्यांचा चेहरा शांत होता. मॅडमच्या डोळ्यांपुढे ग्रंथालयाचं टेबल, शाईची ओली गादी आणि ठोकळ्याचा शिक्का उभा राहिला.

“मॅडम, आपण हरतोय,” एक पिवळी म्हणाली.

“दिसतंय मला.”

“मग काही सांगा ना.”

मॅडमनी सांगितलं, तेच, चिकटून राहा. दुसरं त्यांच्याकडे काही नव्हतं. पण दुसऱ्या अर्ध्यात ते लागू पडलं. पिवळ्या मुली निळ्यांच्या कमरेशी गोचिडीसारख्या चिकटल्या. चेंडू खाली आला की ओरबाडू लागल्या. अकराचे सात झाले, साताचे चार. हॉलमधला आवाज चढत गेला. सरांनी वही मिटली आणि ते उभे राहिले. पण चिकटण्याची किंमत फाउलांनी द्यावी लागते. पिवळ्या आठ जणी होत्या. एकीचा घोटा मुरगळला, दोघी पाच-पाच फाउल होऊन बाद झाल्या. उरल्या बरोब्बर पाच, आणि पाचवी होती गोगलगाय. मॅडमनी डोळे मिटले आणि तिला आत पाठवलं.

शेवटच्या मिनिटात निळे एका गुणाने पुढे होते, एकावन्न-पन्नास. पिवळ्यांनी शेवटची संधी साधायची म्हणून घाईने चेंडू टाकला. तो कड्यावर नाचला आणि बाहेर आला. शिडीने तो वरच्या वर उचलला आणि पळत सुटली. घड्याळात अकरा सेकंद होते.

पिवळ्या जीव तोडून मागे धावल्या. गोगलगाय सोडून. ती हल्ल्यालाच उशिरा निघालेली, चेंडू फिरला तेव्हा मधल्या रेषेपाशी होती. ती वळली, आपल्या बास्केटकडे संथपणे चालू लागली, आणि शिडी वाऱ्यासारखी तिच्या अंगावरून पुढे गेली.

मॅडम उभ्या होत्या. त्यांना फक्त शिडी दिसत होती. पुढे दोघी वाट अडवून उभ्या, शिडी एकटी, मान खाली घालून आत शिरतेय, पट्टी बांधलेल्या पायावर सगळा भार. एक गुण हातात आहे. वेळ संपलाय. नको जाऊस, बाई माझी, थांब. मॅडमचे पाठीमागचे हात सुटले आणि छातीपुढे आले. टाळ्या दोनच वाजल्या, पण खणखणीत.

पाचही निळ्या मुली एका क्षणात थांबल्या.

शिडीने पाय रोवला, अंग वळवलं आणि न बघता चेंडू मागे फेकला. मागे ठरल्या जागी असायची ती निळी मुलगी सरांच्या नव्या पद्धतीप्रमाणे कोपऱ्यात गेली होती. तीही टाळ्या ऐकून वळली होती, ठरल्या जागी धावत सुटली होती, पण चार पावलं दूर होती. त्या जागी गोगलगाय होती. चेंडू तिच्या पोटावर आदळला. तिने तो धरला.

सात सेकंद. ती वळली. तिच्यापुढे अख्खं मैदान मोकळं होतं.

“पळ!” अख्खा हॉल किंचाळला. ती पळाली, तिला येत होतं तसं. मागून निळी मुलगी तिला गाठत होती. पाच. चार. गोगलगाय बास्केटपाशी आली, आणि दुसरी कोणी असती तर घाईने चेंडू भिरकावला असता. तिने उजव्या बाजूला एक पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि रोज सरावात टाकायची तसा टाकला. चेंडू फळीला लागून आत पडला आणि भोंगा वाजला.

पिवळ्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. कोणीतरी मॅडमना उचलायचा प्रयत्न केला. मॅडम आपल्या हातांकडे बघत होत्या. काय केलं मी, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. लोक मात्र एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. “काय डोकं आहे बाईचं! बारा आठवडे टाळी राखून ठेवली, आणि ती एक मुलगी मुद्दाम मागे ठेवली!”

अर्ध्या तासाने तिघं पुन्हा संचालकांच्या खोलीत होते. संचालकांनी नेमणुकीचा कागद पुढे सरकवला. सर पांढरेफटक पडले होते, पण त्यांनी टाळाटाळ केली नाही.

“मॅडम, मी माझे शब्द मागे घेतो,” ते म्हणाले. “बारा आठवडे मी त्या मुलींना पुढे जा, पुढे जा शिकवलं. तुमच्या दोन टाळ्यांनी ते पुसून टाकलं. आणि जी मुलगी पळत नाही, तिलाच तुम्ही बरोबर त्या जागी उभी केलीत. माझ्या कुठल्याच तक्त्यात हे बसत नाही. ही उंची नव्हे, ही विद्या आहे.”

एकोणीस वर्षं मॅडमना हेच वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, पेन घेतलं आणि सही केली.

बाहेर जिन्याच्या पायरीवर शिडी बसली होती. डोळे सुजलेले. मॅडमना पाहून ती उठली आणि तीन वर्षांपूर्वीसारखी वाकून उभी राहिली.

“मॅडम, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“ते टाळ्यांचं तुम्ही आम्हाला शिकवलंत… ते एक दिवस आमच्याविरुद्ध वापरता यावं म्हणून?”

मॅडमना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. “नाही गं. नाही, बाळा.”

“मग आज कोणासाठी वाजवल्यात?”

“तुझ्यासाठी. दुखरा पाय घेऊन एकटी आत घुसत होतीस. मी विसरलेच, की तू आता पलीकडची आहेस.”

शिडीने हे नीट ऐकून घेतलं. मनगटाने नाक पुसलं. “म्हणजे आम्ही थांबलो ते बरोबर होतं?”

“अगदी बरोबर. मी चुकले.”

“मग ठीक आहे,” शिडी म्हणाली. तिची पाठ सरळ झाली. “सगळ्यांना सांगते. त्या रडताहेत.” आणि ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली.

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. दहा मिनिटांत ही गोष्ट दोन्ही संघांना कळणार होती, पण त्यांना त्याची भीती वाटली नाही. लाज मात्र वाटली. पोरीला खरं सांगितलं, आणि आतल्या दोघांकडून खोट्याचं बक्षीस घेऊन आपण बाहेर आलो, याची लाज. त्या वळल्या आणि दार न वाजवताच आत गेल्या.

“ती युक्ती नव्हती,” त्या म्हणाल्या. “शिडी आत घुसताना दिसली आणि मी तिला थांबवलं. आपण कोणत्या बाजूला आहोत हे मी विसरले होते. आणि त्या दुसऱ्या मुलीला मी मागे ठेवलं नव्हतं. तिला पळायला शिकवणं मला जमलं नाही, म्हणून ती तिथे होती.”

संचालक वैतागले. “अहो, मग हे आता कशाला सांगताय? नियम निकालाचा होता, कारणांचा नव्हता. सही झालीय. नोकरी तुमचीच आहे.”

सर मात्र खुर्चीत पुढे सरकले. सामन्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

“थांबा,” ते म्हणाले. “म्हणजे शेवटच्या अकरा सेकंदांत माझ्या संघाला तुम्ही शिकवत होतात.”

“हो.”

“आणि तो हरला.”

“हो.”

“आणि जो जिंकला, त्याला त्या वेळी कोण शिकवत होतं?”

मॅडमनी विचार केला. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. “कोणीच नाही.”

खालून मुलींचा गलका वर येत होता, त्यात निळ्या किती आणि पिवळ्या किती ते कळत नव्हतं.

“मग मघाशी मी विद्या म्हणालो ते मागे घेऊ?” सरांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

“घ्या,” त्या म्हणाल्या.

सरांनी टेबलावरचा कागद मॅडमकडे सरकवला. “अर्धंच घेतो,” ते म्हणाले. “बास्केट पडली ती कोणाची, मला माहीत नाही. पण मी बारा आठवडे घसा कोरडा करून ओरडलो, आणि त्या माझ्यासाठी एकदाही थांबल्या नाहीत.”